बंगालची जमीनदारी एका सूर्यास्ताला जायची म्हणजे नेमकं काय व्हायचं?

मांजराकाठ (ता. केज)

मंडळी, नमस्कार. मी महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो, त्याआधी बरीच वर्षं तलाठी होतो. जमिनीचे कागद बघण्यातच उमर गेली. निजामकाळातली पहाणीपत्रकं, खासरा, मुंतखब, उर्दूतल्या नोंदी, सगळं हाताखालून गेलंय. तरी एक गोष्ट उमगंना झालीय म्हणून विचारतोय.

आमच्या धाकट्याची बायको बंगाली. पोरगी गुणाची आहे, आता आमच्यासारखे धपाटे थापते. तिचे आईवडील दिवाळीनंतर आठ दिवस आमच्याकडं राहून गेले. व्याही रेल्वेतून निवृत्त झालेले, शांत माणूस. आमचं बोलणं हिंदीत चालायचं. एके संध्याकाळी आम्ही दोघं माळवदावर बसलो होतो. समोर सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान, पलीकडं दिवस बुडायला आलेला. व्याही एकदम म्हणाले, "हमारे घर में पुराने लोग इस वक्त को अच्छा नहीं मानते थे. हमारी जमींदारी एक सूर्यास्त में चली गई थी." त्यांच्या खापरपणजोबांच्याही आधीची गोष्ट, पाबना जिल्ह्यातली, म्हणजे आता बांगलादेशात. दिवस मावळायच्या आत सारा पोचला नाही आणि पिढ्यान्‌पिढ्यांची जमीनदारी लिलावात निघाली, एवढंच त्यांना घरात ऐकून ठाऊक. पुढचं मी विचारलं तर ते म्हणाले, बाबांनाही याच्यापुढं माहीत नव्हतं.

मला रात्री झोप आली नाही. थकबाकीपोटी जमीन जप्त करायची तर मागणीची नोटीस, जप्ती, जाहीरनामा, मग लिलाव, मग मंजुरी, हे सगळं मी स्वतः केलेलं आहे. एका दिवसात कुणाची जमीन जात नाही. मग तिथं कशी जायची? दुसरं, हे बंगालचे जमीनदार म्हणजे आपले देशमुख समजायचे का जहागीरदार? आणि तिसरं, मला सगळ्यात जास्त टोचणारं: जमीनदाराची जमीन लिलावात गेली असं म्हणतात, पण ती कसणारा माणूस कुठं जायचा? त्याचं नाव कुठल्या कागदावर असायचं?

कुणी वाचलं असंल, तिकडं राहिलं असंल तर सविस्तर सांगा. घाई नाही.


बर्दवान_नांदेड

काका, नमस्कार. मी मूळ नांदेडचा, बँकेच्या नोकरीत अकरा वर्षं बंगालात काढली, त्यातली चार बर्दवानला. तिथला राजवाडा रोज बघायचो आणि हेच प्रश्न मलाही पडायचे. जमेल तसं लिहितो.

आधी एक समजूत बाजूला ठेवावी लागेल. मोगलांच्या काळात जमीनदार हा जमिनीचा मालक नव्हता. परगण्याचा सारा गोळा करायचा, वरती भरायचा, मधला ठरलेला हिस्सा आपल्याकडं ठेवायचा, हा त्याचा हक्क. हक्क बापाकडून मुलाकडं जायचा, विकताही यायचा, पण तो वसुलीचा हक्क होता. त्याच्याबरोबर थोडी फौज, थोडी न्यायनिवाड्याची सत्ता, हाटबाजाराची जकात असायची. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालच्या नवाब मुर्शिद कुली खानानं वसुली कडक केली आणि त्याच्या काळापासून मोठे जमीनदार आणखी मोठे होत गेले: बर्दवान, राजशाही म्हणजे नाटोर, नदिया, दिनाजपूर, बीरभूम, बिष्णुपूर. लोक त्यांना राजाच म्हणायचे.

१७६५ साली बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करायचा हक्क, ईस्ट इंडिया कंपनीकडं गेली. पाच वर्षांत, १७७० ला, भयंकर दुष्काळ पडला. बंगाली सन ११७६ होता म्हणून तिथं त्याला छियात्तरचा मन्वंतर म्हणतात (बंगालीत मन्वंतर म्हणजे दुष्काळ). प्रांताची एक तृतीयांश माणसं गेली असा त्या वेळचा अंदाज. आणि काका, तुम्ही महसुलातले म्हणून सांगतो, त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीची निव्वळ वसुली दुष्काळाआधीच्या १७६८ पेक्षा जास्त झाली. हे वॉरन हेस्टिंग्जनं स्वतः लिहून कळवलंय, आणि वसुली जोर लावून टिकवली हेही त्यातच आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

मग १७७२ ला पाच वर्षांचे मक्ते झाले. जो जास्त बोली लावील त्याला वसुली. तेही फसलं, मग दरसालचे करार. शेवटी गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसनं १७९० ला दहा वर्षांचा ठराव केला आणि २२ मार्च १७९३ ला तोच कायमचा जाहीर केला. बंगाल, बिहार, ओरिसा मिळून वर्षाला सुमारे २ कोटी ६८ लाख सिक्का रुपये, कायमचे. हिशेब असा की रयतेकडून अकरा रुपये येतील असं धरायचं, त्यातले दहा कंपनीचे, एक जमीनदाराचा. त्या बदल्यात जमीनदार आता जमिनीचा मालक. पुढं कितीही पड जमीन उठवली, कितीही पीक वाढलं, तरी कंपनी आकडा वाढवणार नाही. इंग्लंडातल्या सुखवस्तू जमीनमालकासारखा हा जमिनीत पैसा घालील, बांध घालील, तळी खोदील अशी त्यांची कल्पना.

आता तुमचा सूर्यास्त. आकडा कायमचा, तशी शर्तही कायमची. हप्त्याची तारीख ठरलेली. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पैसे खजिन्यात पडले नाहीत तर जमीनदारी लिलावास पात्र झाली. लिलाव त्याच रात्री व्हायचा असं नाही, त्याची तारीख पुढं निघायची. पण हक्क तिथंच तुटायचा. तुमच्या व्याह्यांच्या घरात उरलं ते त्या तुटण्याचं. दुष्काळ पडला, पूर आला, भाव पडले, सूट नाही. सुरुवातीला तर आकडा इतका चढा आणि धान्याचे भाव इतके पडलेले की रयतेकडूनच पैसा निघेना. त्यात त्याच वेळी कंपनीनं जमीनदाराची फौज मोडली, पोलिसी अधिकार काढून दारोगे नेमले, जकात बंद केली. म्हणजे वसूल कर म्हणायचं आणि वसुलीचं बळ काढून घ्यायचं. १७९३ नंतर पाऊणहून जास्त जमीनदाऱ्यांनी हात बदलले असं अभ्यासक सांगतात. नदिया, नाटोर, बिष्णुपूर हळूहळू पोखरत गेली. बिष्णुपूरची विटांची देवळं बघायला मी तीनदा गेलोय. ती बांधणाऱ्या राजांची मिळकत शेवटी लिलावातच गेली आणि घेणारा होता बर्दवानचा राजा.

बर्दवान मात्र टिकलं, आणि ते कसं हे मला तिथल्या एका जुन्या वकिलानं सांगितलं, नंतर वाचूनही खात्री केली. राजानं काही मिळकत आईच्या नावे केली, कारण बायकांची मिळकत जप्त करायची नाही असा कंपनीचा ठराव होता. सारा मुद्दाम थकवला. १७९७ ला मोठा लिलाव निघाला, लोक जमले, चढ्या बोली लागल्या. मागाहून कळलं की बोली लावणारे बहुतेक राजाचेच कारकून आणि नोकर. पैसे भरलेच नाहीत, पुन्हा लिलाव, पुन्हा तेच. शेवटी कंटाळून सरकारनं कमी किमतीला द्यायचं आणि घेणारा पुन्हा राजाचाच माणूस. बाहेरचा कुणी खरंच घ्यायला आलाच तर जुन्या जमीनदाराचे लठैत त्याला गावात पाय ठेवू द्यायचे नाहीत. कधी कधी रयतही आडवी यायची, कारण तिच्या मनात राजा तोच.

दुसरा मार्ग राजा तेजचंद्रानं काढला तो पत्तनीचा. ('त' जोडून आहे, आपल्या 'पत्नी'शी संबंध नाही.) आपली जमीनदारी तुकडे करून कायमच्या ठरावानं खालच्या माणसाला द्यायची, अटी त्याच: तारखेला पैसे नाहीत तर तुझा तुकडा लिलावात. सरकारनं राजाच्या मानेवर ठेवलेली सुरी राजानं खाली सरकवली. १८१९ च्या आठव्या कायद्यानं हे मान्यही झालं. मग पत्तनीदारानं खाली दर-पत्तनीदार नेमला, त्यानं खाली से-पत्तनीदार. प्रत्येक पायरीवर कुणीतरी बसून खाणारा, आणि सगळ्यांचं ओझं सगळ्यात खालच्या नांगरावर.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, उद्या लिहितो. लाईट गेली.


खरीप_रब्बी (पैठणकडचा)

मी फार शिकलेला नाही, पण काकांचा तिसरा प्रश्न वाचून राहवलं नाही. आमचं गाव जहागिरीचं होतं. खालशाच्या, म्हणजे सरळ सरकारच्या, गावात निदान पट्टेदार म्हणून नाव लागायचं, आमच्याकडं आजोबाचं नाव कुठंच नव्हतं. कसायचं आजोबानं, पावती जहागीरदाराच्या माणसाच्या मर्जीवर. आज्जी सांगायची, खळ्यावर रास झाली की आधी त्यांची मापं निघायची, मग बलुतं, मग जे उरलं ते घरात. १९४९ ला जहागिरी गेल्या तेव्हा आजोबा तालुक्याला चालत गेला आणि नाव लागलं का ते तीनतीनदा वाचून घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं, कारकुनाकडून वाचून घेतलं. तो कागद आमच्याकडं देवघरात आहे.

बंगालच्या त्या खालच्या माणसाला असा कागद कधी मिळाला, ते सांगा.


मांजराकाठ

खरीप_रब्बी भाऊ, तुमच्या आजोबासारखी माणसं मी तलाठी सज्जावर बघितलीत. कूळकायद्याच्या ३८-ई कलमाचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर एका म्हाताऱ्यानं ते कपाळाला लावलेलं मला आठवतंय. संरक्षित कुळाचा तो मालक झाला होता.

बर्दवान_नांदेड साहेब, तुमचं दोनदा वाचलं. दोन गोष्टी विचारतो. तुम्ही लिहिलं की सूट नाही. आमच्याकडं पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की सवलती लागू होतात. ७२ च्या दुष्काळात मी अठरा वर्षांचा, खडी फोडायला जायचो आणि सुकडी खायचो. त्या वर्षी सारा मागायला कुणी आलं असतं तर दिला कुठून असता? मग बंगालात ज्या वर्षी पाणी आलं त्या वर्षी जमीनदारानं काय केलं?

दुसरं. हा २ कोटी ६८ लाखांचा आकडा काढला कसा? एवढा सारा बसवायचा तर आधी मोजणी पाहिजे. साखळी टाकून गट पाडायचे, प्रत बघायची, काळी का बरड का पांढरी, पाण्याची सोय बघायची, तेव्हा आकार निघतो. मोजणी कधी झाली?


बर्दवान_नांदेड

काका, तुम्ही नेमकं तिथंच बोट ठेवलंत. मोजणी झालीच नाही.

आधीच्या वर्षांची वसुली बघून आकडा ठरवला. कुठल्या गावात किती बिघे, कोण कसतो, काय देतो, याची नोंद १७९३ ला नव्हती आणि नंतरही शंभर वर्षं जवळपास नव्हती. जमीनदारानं रयतेला पट्टा लिहून द्यावा असं कायद्यात होतं, पण दिला का हे बघणारा कुणी नव्हता. पट्ट्यावर आकडा पक्का होतो म्हणून जमीनदार टाळायचा, आणि घेतला तर हक्क मर्यादित होईल म्हणून रयतही बिचकायची. तलाठ्यासारखा गावचा जो पटवारी होता तो जमीनदाराचा नोकर झाला. म्हणजे दप्तर सरकारचं राहिलंच नाही. रयतेच्या हातात एकच कागद, दाखिला, म्हणजे खजिना (तिथं रयतेच्या साऱ्याला खजिना म्हणतात) भरल्याची पावती, आणि तीही कचेरीतला गोमस्ता देईल तेव्हा.

पूर आला त्या वर्षी जमीनदार काय करायचा? खालून काढायचा. १७९९ ला सातवा कायदा आला, लोक त्याला हप्तमच म्हणायचे. त्यानं जमीनदाराला रयतेचं उभं पीक, गुरं, घरातलं सामान कोर्टात न जाता जप्त करायची मुभा दिली. सूर्यास्त जमीनदाराला, हप्तम रयतेला. शिवाय ठरलेल्या खजिन्यावर आबवाब, म्हणजे बेकायदा पट्ट्या. दुर्गापूजेची पार्वणी, जमीनदाराच्या मुलीच्या लग्नाचा खर्च, नायब गावात आला की त्याचा नजराणा. कायद्यात बंदी होती, वसुली चालू होती. जमीनदार स्वतः बहुधा कलकत्त्याला. गावात त्याचा नायब, गोमस्ता आणि पाईक. पुष्कळ रयतेनं आपल्या जमीनदाराचं तोंडसुद्धा बघितलेलं नसायचं.

तुमच्या व्याह्यांचं पाबना मुद्दाम सांगतो. तिथला युसुफशाही परगणा पूर्वी नाटोरच्या राजाचा. नाटोरची मिळकत लिलावात फुटली तेव्हा तो नव्या घराण्यांनी घेतला. त्यांत कलकत्त्याचं टागोर घराणंही होतं. नव्यांनी खजिना वाढवत नेला, आबवाब त्यात घुसडले आणि मोजायचा नळ, म्हणजे बांबूची काठी, आखूड केली. काठी आखूड झाली की तेवढ्याच रानाचे बिघे वाढतात, तुम्हाला हे सांगायला नको. १८५९ चा एक कायदा होता की बारा वर्षं एकच रान कसलं तर रयतेचा त्यावर हक्क बसतो. म्हणून बारा भरायच्या आत रान बदलून द्यायचं. १८७३ ला पाबन्याच्या रयतेनं एकजूट केली. शिंगं फुंकून गावं गोळा करायचे, वर्गणी काढून वकील लावायचे आणि वाढीव खजिना द्यायचा नाही. मागणी काय, तर आम्हाला फक्त महाराणीची रयत व्हायचंय, मधलं कुणी नको. काका, हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडची माणसं आठवली. मधला माणूस हटवा, आम्ही सरकारात भरतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यातून १८८५ चा बंगालचा कुळकायदा आला. त्यात ठरलं की गावातलं कुठलंही रान सलग बारा वर्षं कसलं असलं तरी चालेल, तो त्या गावचा कायम रयत. आणि त्याच कायद्याखाली गावोगाव नकाशा, मोजणी, हक्कनोंद सुरू झाली. चटगावच्या बाजूनं १८८८ च्या सुमारास सुरू झालेलं हे काम दिनाजपूरला १९४० ला संपलं. तिथले लोक अजून त्याला सीएस (कॅडस्ट्रल सर्व्हे) खतियान म्हणतात, तुमच्या सातबाऱ्यासारखं. तेव्हा, खरीप_रब्बी भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बंगालच्या कसणाऱ्याचं नाव सरकारी कागदावर यायला १७९३ नंतर कुठं शंभर, कुठं सव्वाशे-दीडशे वर्षं लागली. तेही वहिवाटीचा हक्क असलेल्याचं. अर्ध्या वाट्यानं कसणारा बर्गादार त्यातही सहसा आला नाही. त्याची नोंद पश्चिम बंगालात १९७८ नंतर बर्गा मोहिमेत झाली.

सगळेच जमीनदार सारखे होते असं मात्र मी म्हणणार नाही. उत्तरपाड्याच्या जयकृष्ण मुखर्जींनी १८५९ ला लोकांसाठी ग्रंथालय उघडलं, मी तिथं बसून वाचलंय. रवींद्रनाथांनी १९०५ ला पतिसरला रयतेसाठी शेतकी बँक काढली आणि नोबेलची रक्कम तिच्यात ठेवली, ती पुढं बुडाली. पण एखादा जमीनदार चांगला निघावा यावर रयतेचं जगणं टांगलेलं असणं, हेच मला पटत नाही.


गोदावरी_परभणी

मी शाळेत इतिहास शिकवते. काकांच्या दुसऱ्या प्रश्नावर, देशमुख की जहागीरदार, थोडं लिहिते.

दोन्ही नाही. जहागीर ही राजानं सेवेसाठी, मर्जीनं दिलेली, त्या गावाचा सारा जहागीरदाराचा. देशमुखी म्हणजे परगण्याचं वतन, वसुलीत मदत आणि त्याबद्दल हक्क. १७९३ च्या आधीचा बंगाली जमीनदार आपल्या देशमुखाला बराच जवळचा होता. वाटा नंतर फुटल्या. बंगालात इंग्रजांनी वसूल करणाऱ्याला मालक केलं. आपल्याकडं पहिल्या सालारजंगानं, जो १८५३ पासून १८८३ पर्यंत निजामाचा दिवाण होता, मक्तेदार हटवले, पगारी तालुकदार नेमले, जिल्हे पाडले, आणि देशमुख-देशपांड्यांना वसुलीतून बाजूला करून रोख रुसूम, म्हणजे हक्काची ठरलेली रक्कम, लावून दिला. मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली आणि खालशाच्या गावात रयत सरळ सरकारात सारा भरू लागली. रयतेचे हाल थांबले असं नव्हे, सावकार आणि पटवारी होतेच. तरी खालशाच्या गावात सरकार आणि नांगर यांच्यामध्ये चार-पाच मालकांची उतरंड उभी राहिली नाही. राज्याचा तिसरा हिस्सा जहागिरी आणि पायगा (बड्या सरदारांच्या जहागिरी) यांच्याकडं होता, तिथं भाऊंच्या आजोबासारखे हाल.

शब्दानं मात्र फसायला होतं. त्याच निजामाच्या राज्यात तेलंगणातले काही देशमुख हजारो एकरांचे धनी होऊन बसले होते आणि १९४६ ला त्यांच्याविरुद्ध सशस्त्र लढा उभा राहिला. त्याच वर्षी बंगालात तेभागा चळवळ पेटली: पिकाचे तीन भाग करा, दोन कसणाऱ्याचे. आपल्या बटईसारखीच तिथली अधियारी, निम्मं-निम्मं. तेलंगणातल्या विसनूरचा देशमुख आणि बीडकडचा एखादा रुसूमदार देशमुख यांना एकाच शब्दानं ओळखतात म्हणून मुलं वर्गात गोंधळतात, मी दरवर्षी फळ्यावर नकाशा काढून सांगते.

नाटोरची राणी भवानी मला फार जवळची वाटते. नवरा १७४८ ला गेल्यावर तिनं ती अफाट जमीनदारी चालवली, लोक तिला अर्धवंगेश्वरी म्हणायचे. काशीचं दुर्गाकुंडाचं देऊळ तिचं. आपल्या अहिल्याबाईंच्या त्या समकालीन. वेरूळच्या घृष्णेश्वराला मुलांची सहल नेते तेव्हा मी दोघींची नावं एकत्र सांगते. आणि हेही सांगते की त्याच दशकात, १७४१ पासून १७५१ पर्यंत, नागपूरकर भोसल्यांचे घोडे बंगालात लूट करत होते. तिथं 'बर्गी', म्हणजे मराठा स्वार, या शब्दाची धास्ती आजही भाषेत आहे. चौथाई ठरली ती वर्षाला १२ लाख, आणि ती शेवटी कुणाच्या खळ्यावरून गेली असेल, हे आपण मराठी माणसांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

काका, तुमच्या व्याह्यांचं आडनाव विचारू नये, पण मजुमदार, तालुकदार, शिकदार, तरफदार, रायचौधुरी ही तिथली आडनावं याच दप्तरातून आलेली. आपल्याकडंही मुजुमदार आहेतच.


मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. मी हे सगळं व्याह्यांना फोनवर हिंदीत सांगितलं. सूर्यास्ताचं ऐकून ते गप्प झाले. मग म्हणाले, वडिलांनी फाळणीत येताना पत्र्याच्या पेटीतून काही कागद आणले होते, ते बघतो. परवा सूनबाईनं मोबाईलवर फोटो पाठवला. पाबन्याचं खतियान आहे. मला बंगाली येत नाही, पण रकाने बघितल्यावर माझे मलाच कळायला लागले. वरती वरच्या हक्काची माणसं, एकाखाली एक. खाली रयत. मग क्षेत्र. सूनबाईनं शेजारी बसून वाचून दाखवलं. तिच्या खापरपणजोबांच्या नावापुढं शब्द आहे दर-पत्तनीदार.

म्हणजे जमीनदारी गेली ती गेलीच. पुढच्या पिढीनं कुणाच्या तरी पत्तनीदाराकडून तुकडा घेतला आणि तिसऱ्या पायरीवर येऊन बसले. व्याही मात्र आजवर स्वतःला जमीनदाराचं घर समजत आलेत. हे त्यांना सांगावं का नको, याच विचारात दोन दिवस गेले.


बर्दवान_नांदेड

सांगा काका. त्यात कमीपणा काही नाही. गावात पत्तनीदाराला, दर-पत्तनीदारालासुद्धा लोक जमीदारबाबूच म्हणायचे. घरातलं ऐकलेलं खोटं नाही, कागद फक्त पायरी सांगतो. बहुतेक भद्रलोकांची, म्हणजे तिथल्या शिकलेल्या वरच्या थरातल्या लोकांची, घरं अशाच मधल्या पायऱ्यांवर होती. १९५० ला तिकडं पूर्व बंगालात कायदा झाला, इकडं १९५३ चा कायदा १९५५ ला अमलात आला, आणि वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या एकदमच गेल्या.


मांजराकाठ

सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही, उलट त्यांनीच फोटो मोठा करून सगळा कागद नीट वाचला. मग मला विचारलं, "समधीजी, नीचे जिनका नाम है, वो जोतने वाले थे न?" मी म्हटलं, हो, तोच रयत. फोनवर बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, हे नाव मी ओळखतो. वडील सांगायचे, हा माणूस हिवाळ्यात खजुराचा नवा गूळ घेऊन यायचा, आणि फाळणीच्या वर्षी यानंच आमची पेटी डोक्यावर घेऊन नदीच्या घाटापर्यंत पोचवली. तो मुसलमान होता, तिकडंच राहिला. त्याच्या कामाचे कागदही आमच्याच पेटीत आले असतील, हे वडिलांच्या ध्यानात आलं नसावं.

नाव इथं लिहीत नाही, त्यांची पोरंबाळं कुठंतरी असतील. त्याच्या नावापुढं क्षेत्र आहे एक एकर बावन्न शतक (शतक म्हणजे एकराचा शंभरावा भाग). व्याह्यांनी विचारलं, तुमच्याकडं हे किती होईल? मी कागदावर मांडून सांगितलं: जवळपास एक एकर एकवीस गुंठे.